काकांना कोणी ओलांडत नाही

बाबाने तुम्हाला दाखवलेला तो फोटो माझ्याही फोनमध्ये आहे. आजोबांच्या डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर शाल, एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातात सायकलचं हँडल. परवा कॉलवर तुम्ही दोघांनी एकदमच विचारलंत, "आजोबा जिंकले?" आणि मी म्हटलं, "जेवलात का?" त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून लिहून काढते आहे. अडेल तिथे आईला विचारा. मी इंग्रजी शाळेत शिकले, जन्मभर इंग्रजीच शिकवलं, पण राग मला अजूनही मराठीतच नीट मांडता येतो.

आजोबा निवृत्तीनंतर जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरात जायला लागले, हे तुम्हाला माहीत आहे. तेव्हा नाशकात हे वेड फारसं कुणाला नव्हतं. त्यांनी ओळखीपाळखीतली पोरं धरून धरून गंगापूर धरणामागच्या टेकड्यांवर नेली. उतारावर ब्रेक कसा दाबायचा, खडीवर तोल कसा सांभाळायचा, सगळं शिकवलं. जे पडले त्यांना घरी आणलं आणि मी त्यांच्या गुडघ्यांना औषध लावलं. ती पोरं आता बाप्ये झाली. एक वकील आहे, एक बिल्डर. त्यांचा मोठा गट झाला, गटाची समिती झाली, आणि दर हिवाळ्यात ते सांघिक शर्यत भरवतात. आजोबांना सगळे काका म्हणतात.

शर्यत अशी असते. तिघांचा संघ. पहिला गडी पहिला टप्पा चालवतो आणि मनगटावरची कापडी पट्टी दुसऱ्याला देतो, दुसरा तिसऱ्याला. तिसरा जेव्हा पोचेल ती संघाची वेळ. सगळे दणकट गडी एकाच संघात जमू नयेत म्हणून समितीने प्रत्येकाची श्रेणी ठरवायची: वेगवान तो अ, मधला तो ब, सावकाश चालवणारा तो क. प्रत्येक संघात एक अ, एक ब, एक क. पहिला टप्पा सोपा, तो क-वाल्याचा. शेवटचा मोठा चढ अ-वाल्याचा. मला हा नियम वाचताक्षणी आवडला होता. वर्गातल्या सगळ्या हुशार मुलींना एका बाकावर बसू न देणारी बाई मीच होते.

आमच्या संघात आजोबा, पंचवटीतले चष्म्याचे दुकानदार आणि आपल्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी ती मुलगी. मुलगी म्हणते मी, पण तिशीची आहे, शाळेत खेळाची शिक्षिका आहे. पेठच्या बाजूच्या एका पाड्यावरची. लहानपणी वडिलांच्या मोठ्या सायकलीच्या नळीखालून पाय घालून तिने घाट चढलेले आहेत. तिच्याइतका चढ कुणालाच जमत नाही, आणि त्यावर गटात दुमत नव्हतं. ती अ, चष्मेवाले ब, आजोबा क. मी मनात संघ जुळवून मोकळी झाले होते.

यंदा शर्यतीचा शेवटचा टप्पा नेमका तिच्या पाड्याखालच्या रस्त्याने जाणार होता. तिची आई हंगामात द्राक्षाच्या बागांवर कामाला जाते. तिने मुलीला शर्यतीत कधी पाहिलेलं नव्हतं. पाड्यावर मात्र बोलणं चालूच असतं, की पोरगी शहरात शिकली आणि शेवटी सायकलच फिरवत बसली. आई यायला कबूल झाली, त्या दिवशी ती मुलगी जिन्यातूनच ओरडत खाली आली.

"काकू, आई येणार! आत्याला घेऊन येणार! एकदा बघू दे त्यांना. आणि नंबर आला ना, मग पाड्यावर कोण काय बोलतंय बघतेच मी."

तर हे असं होतं. तिला आपल्या माणसांसमोरून जायचं होतं, नंबरात. एवढंच.

मग श्रेण्या जाहीर झाल्या. फोनवर यादी आली. आजोबांच्या पुढे अ.

मला वाटलं टाइप करताना चूक झाली. रविवारी समिती मिसळ खायला जिथे जमते तिथे मी गेले. वकील उठून उभा राहिला, मला खुर्ची दिली, माझ्यासाठी कमी तिखट मिसळ सांगितली.

"यादीत चूक आहे," मी म्हटलं. "यांना अ दिलाय."

"चूक नाही काकू."

"अरे, सत्तरीला आलेला माणूस अ मध्ये कसा?"

"मग काय काकांना क मध्ये टाकायचं? आम्ही? काकू, ज्यांनी आम्हाला सायकलवर बसवलं त्यांना शेवटच्या श्रेणीत टाकलं तर गावात तोंड दाखवायला जागा राहील का?"

"क म्हणजे सावकाश चालवणारा. तुमच्याच नियमात लिहिलंय."

"नियमात लिहिलंय हो. पण लोक क म्हणजे क समजतात ना."

बिल्डर पावाचा तुकडा रश्शात बुडवत म्हणाला, "शिवाय काकू, पुरावा आहे. रविवारच्या चढावर सगळ्यात आधी वर कोण पोचतं? दर वेळी काका!"

मी त्याच्याकडे बघत राहिले. कारण दर रविवारी चहाचा थर्मास घेऊन गाडीने त्यांच्या मागून मीच जाते. काय होतं ते मला माहीत आहे. चढ लागला की आजोबा पुढे आणि बाकी सगळे त्यांच्या मागे ओळीने. कुणीही बाजूने पुढे जात नाही. वकील ब्रेक दाबत चालवतो, बिल्डर फोनवर बोलतो, कोणी मागच्या मागे गाणी म्हणतं. देवळात प्रदक्षिणेला म्हाताऱ्या माणसामागून चालावं तसे चालवतात. वर पोचले की टाळ्या. "काका, तुम्हाला गाठणं काही आपलं काम नाही!"

मग मी सगळी यादीच नीट पाहिली. पोट सुटलेले एक डॉक्टर होते, दरवर्षी शर्यतीचे टी-शर्ट देणारे. ते अ. त्यांचे भागीदार ब. आणि वाऱ्यासारखा जाणारा एक कॉलेजचा मुलगा क, का तर "नवीन आहे काकू, शिकू दे जरा." लग्नात कुणाला कुठल्या ओळीत बसवायचं ते ठरवतात तशी वर्गवारी केलेली. वेगाचा काही संबंध नाही.

"एका संघात दोन अ चालत नाहीत," मी म्हटलं. "आमच्या मुलीचं काय?"

वकिलाने मान खाली घातली. "तोच जरा प्रश्न आहे. बाकीच्या संघांचे अ ठरलेत. मॅडमना पुढच्या वर्षी नक्की बघू."

मिसळ तशीच ठेवून मी घरी आले. मला वाटलं होतं की आजोबा भडकतील. ते आरशासमोर उभं राहून हेल्मेटचा पट्टा नीट करत होते.

"अ दिलाय म्हणजे काहीतरी बघूनच दिला असेल ना," ते म्हणाले. "पोरं काही वेडी नाहीत."

"आणि ती?"

"तिच्यासाठी मी बोलतो. दोन अ चालवून घ्या म्हणतो. एक अपवाद."

मुलगी जिन्यावरच होती, सगळं ऐकलेलं. "चालेल काकू," म्हणाली आणि वर गेली. मग बराच वेळ गच्चीवर तिने सायकल धुतल्याचा आवाज येत होता. धुतलेलीच सायकल पुन्हा.

जेवताना मला राहवलं नाही. "अहो, ते तुम्हाला ओलांडत नाहीत."

"म्हणजे?"

"चढावर. मुद्दाम मागे राहतात."

"काहीतरीच. गेल्या रविवारी त्या वकिलाची जीभ बाहेर आली होती."

"तो हसू दाबत होता."

त्यांनी आमटीची वाटी बाजूला सारली. "तुला सायकलीतलं काय कळतं?" असं म्हणाले आणि हात धुवायला गेले. पुढचे काही दिवस आमच्यात फक्त कामापुरतं बोलणं चालू होतं, दूध आणलं का, गॅस बंद केला का.

पुढच्या रविवारी नेहमीसारखा चढ लागला. मी मागे गाडीत. अर्ध्यावर आजोबा अचानक थांबले, खाली उतरले आणि बुटाची नाडी बांधायला वाकले. हाताने खूण केली, तुम्ही व्हा पुढे. कोणी पुढे झालं नाही. सगळे एकेक पाय टेकून उभे राहिले. वकील म्हणाला, "सावकाश होऊ द्या काका, घाई नाही." आजोबा मान वर करून एकेकाकडे बघायला लागले. त्यांची स्वतःची छाती भात्यासारखी वर-खाली होत होती. त्या सगळ्यांत एकालाही धाप लागलेली नव्हती. चष्मेवाले तर शेंगदाणे खात होते. आमची मुलगी मात्र दुसरीकडेच बघत होती, धरणाच्या पाण्याकडे. तिनेसुद्धा त्यांना कधी ओलांडलं नव्हतं.

आजोबांनी नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. वर जाऊन चहा घेतला नाही.

घरी आल्यावर त्यांनी मला एवढंच विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्यापासून."

"सांगायचं नाही का?"

आता यावर काय बोलायचं ते तुम्हीच सांगा. मी पोळ्या लाटायला घेतल्या.

संध्याकाळी ते वकिलाच्या ऑफिसात गेले. मीही गेले, कारण एकटे गेले असते तर चहा पिऊन परत आले असते. "मला क मध्ये टाक," ते म्हणाले. किती अवघड गेलं असेल ते मला त्यांच्या मानेवरून कळलं. वकिलाने कानावर हात ठेवले.

"काका, असं बोलू नका हो."

"मी सावकाश चालवतो."

"तुमचा मोठेपणा आहे, काका."

"मोठेपणा नाही रे, गुडघा आहे!"

मग वकिलाने तोडगा काढला. "ब करू. मधलं. कुणालाच वाईट नको."

मी त्याला समजावलं की ब वर आमचे चष्मेवाले आहेत. त्यांना फोन लावला तर ते पलीकडून म्हणाले, "भाभी, मला क मध्ये टाका ना! माझा कोणी मान ठेवत नाही, काही फरक पडत नाही!" पण ते खरोखरच ब आहेत, त्यामुळे तेही खोटंच झालं असतं. तेवढ्यात बिल्डरचाही फोन आला. त्याला कुठून तरी कळलं होतं, आणि त्याच्या संघाचं म्हणणं असं, की काका मुद्दाम खालची श्रेणी मागतायत, म्हणजे त्या मॅडमना संघात घेता येईल. खोटं क बनून जिंकायचा डाव!

आजोबा उठून उभेच राहिले. साठ-पासष्ट वर्षांत त्या माणसाने साधा रांगेतला नंबर चुकवलेला नाही. आता खरं सांगायला आले तर लबाड ठरले. मला तर त्या ऑफिसातली सगळी पुस्तकं खाली पाडावीशी वाटली.

"हे बघ," मी वकिलाला म्हटलं, शाळेतल्या आवाजात. "तुम्हाला यांचा मान ठेवायचा आहे का वेळ मोजायची आहे? दोन वेगळी कामं आहेत. मान कुठे ठेवायचा तिथे ठेवा. श्रेणीत ठेवू नका."

त्याने यादी पुढे ओढली आणि पेनाने अ खोडला. मग म्हणाला, "क करतो. पण काकू, सुरुवातीला स्टेजवर शाल-नारळ घ्यायला नाही म्हणायचं नाही."

तर तो फोटो तिथला. शर्यत सुटायच्या आधी भाषणं झाली, ऊन चढलं, सायकली घेतलेले सगळे ताटकळत उभे, आणि वकील माइकवर सांगतोय की काकांनी मोठ्या मनाने क श्रेणी स्वीकारली आहे. म्हणजे अजूनही त्याच्या डोक्यात काही शिरलं नव्हतं. आजोबा शाल घडी करून माझ्या हातात देताना पुटपुटले, "सोडा रे बाबांनो एकदाचं."

पहिला टप्पा भाताच्या खाचरांमधून आणि मग एका टेकाडावर. कापणी झालेली, वाट अरुंद, कडेला गवत. मी टेकाडाच्या माथ्यावर गाडी लावून उभी होते. तिथेच पट्टी बदलायची जागा होती. चष्मेवाले हात पुढे करून तयार. आमची मुलगी पुढच्या ठिकाणी, शेवटच्या चढाच्या पायथ्याशी गेलेली. तिथून वर वळणावर तिची आई आणि आत्या येऊन बसल्या होत्या.

बाहेरगावच्या संघांचे दोन गडी आधी आले. त्यांना काका कोण ते माहीत नव्हतं. त्यानंतर वाटेच्या वळणावर आजोबांचं पिवळं हेल्मेट दिसलं. तिसरे! मी ओरडलेच. बक्षीस पहिल्या तिघांना होतं.

आणि मग त्यांच्या मागची रांग दिसली.

आपल्या नाशकातल्या सगळ्या संघांचे क-वाले, एकामागे एक. तो वाऱ्यासारखा जाणारा कॉलेजचा मुलगासुद्धा. प्रत्येकाच्या हातात ब्रेक. पुढचा हळूच म्हणतोय, "काका, बाजूने येऊ का?" इतक्या अदबीने, की दम लागलेल्या माणसाला ऐकूच जाऊ नये. माथ्यावरून त्यांच्याच संघाचे लोक ओरडतायत, "अरे घे ना पुढे!" आणि हा म्हणतोय, "काका आहेत ना!"

मला काय वाटलं ते खरं सांगते. मला वाटलं, असू दे. एवढा मान ठेवताच आहात तर आज ठेवा, पुढे ती पोरगी उभी आहे. थोडंच अंतर उरलंय.

आजोबांनी मागे वळून पाहिलं. मग सायकल थांबवली, उतरले, आणि सायकलसकट वाटेच्या कडेला गवतात जाऊन उभे राहिले.

रांगही थांबली.

"काय झालं काका? पंक्चर का?"

"पंक्चर नाही! जा पुढे!"

"पाणी देऊ का?"

"अरे शर्यत आहे ना, गाढवांनो! जा!" आजोबा इतक्या मोठ्याने ओरडले की खाचरातले बगळे उडाले. मग गेले बिचारे एकेक. जाताना प्रत्येक जण "सॉरी काका" म्हणून गेला. सगळे गेल्यावर आजोबा पुन्हा सायकलवर बसले आणि शेवटचे वर आले. चष्मेवाल्यांनी पट्टी घेतली आणि ते निघाले.

मी गाडी काढली आणि रस्त्याने फिरून शेवटच्या चढावर गेले. आजोबा शेजारी बसले होते. मी त्यांची शाल मागच्या सीटवर भिरकावली. त्यांचं बरोबर होतं, हे मला तेव्हाही पटत होतं. पण कुणाच्या तरी चुकीच्या अदबीची भरपाई दर वेळी बरोबर वागणाऱ्यानेच का करायची, हे मला अजून समजलेलं नाही.

वळणावर तिची आई दगडावर बसली होती, डोक्यावर पदर, मांडीवर डबा. आम्ही शेजारी जाऊन उभे राहिलो. खालून सायकली येत होत्या. चष्मेवाल्यांनी दोघांना गाठलं असणार, कारण ती अगदी शेवटची नव्हती. मग ती दिसली. कमरेतून वाकलेली, मान स्थिर, चढ आहे हे तिच्या सायकलीला कुणी सांगितलेलंच नसावं. आमच्या डोळ्यांसमोर तिने बिल्डरला मागे टाकलं, मग टी-शर्टवाल्या डॉक्टरांना, जे उतरून सायकल ढकलत होते, मग आणखी एकाला, पुन्हा एकाला. आत्या उभी राहून ओरडायला लागली. आई ओरडली नाही. ती फक्त डबा घट्ट धरून उभी राहिली, आणि मुलगी समोरून गेली तेव्हा तिचे ओठ हलले.

ती चौथी आली.

वर बक्षिसं वाटली जात होती तेव्हा आई माझ्याजवळ आली. "बाई, पोरीचा नंबर नाय आला?"

"नाही आला."

"पण एवढ्या गड्यांना मागं टाकलं ना तिनं? म्या बघितलं. मंग नंबर कसा नाय?"

मी तोंड उघडलं. अ, ब, क, पट्टी, टप्पे, सगळं माझ्या तोंडपाठ होतं. जन्मभर मी मुलांना समजावून सांगत आले आहे. तिला काही समजावून सांगता आलं नाही. "तुमच्या पोरीची काही चूक नाही," एवढंच म्हणाले.

"ते मला ठाव हाय," ती म्हणाली, जरा रागानेच, आणि डबा उघडून तिने नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकर आमच्या हातावर ठेवली.

मुलगी आजोबांसमोर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. "काका, उतरायला नको होतं तुम्ही."

"त्यांना जायचं होतं गं."

"मग गेले असते ना! त्यांना पाय नाहीत का? तुम्ही का उतरायचं?" ती पाठ फिरवून आईकडे गेली, आणि त्या रात्री पाड्यावरच राहिली.

नंतर आठवडाभर जिन्यावर तिच्या पावलांचा आवाज यायचा, पण दारावर टकटक व्हायची नाही. आजोबा संध्याकाळी उगाच फाटकाला तेल घालत बसायचे. वकिलाचा मेसेज आला, काकांच्या खिलाडूवृत्तीबद्दल पुढच्या वर्षीपासून काकांच्या नावाने खास चषक ठेवायचा आहे. मी फोन उशीखाली ठेवला.

त्या रविवारी ती राईडला येईल असं वाटलं नव्हतं. आली. कुणाशी बोलली नाही. चढ लागला, आजोबा पुढे, मागे नेहमीची रांग. काहीही बदललेलं नव्हतं. मी गाडीत बसून स्वतःशीच चडफडत होते. तेवढ्यात रांगेतून ती बाहेर पडली. वकिलाच्या बाजूने गेली, बिल्डरच्या बाजूने गेली, आजोबांच्या मागे आली आणि मोठ्याने म्हणाली, "काका, उजवीकडून!" विचारलं नाही, सांगितलं. आणि गेली. एकदाही मागे न बघता वळणाआड दिसेनाशी झाली.

रांगेतले सगळे थिजले. वकील मला खिडकीतून म्हणाला, "बघितलंत का काकू? काही रीतभात?"

आजोबा वर पोचले तेव्हा ती दगडावर बसून केळं खात होती. ते घामाने निथळत तिच्यासमोर उभे राहिले आणि दम आवरत म्हणाले, "किती वेळ झाला येऊन?"

"बराच," ती म्हणाली आणि दुसरं केळं त्यांच्यापुढे धरलं.

घरी येईपर्यंत त्यांनी मला ते तीनदा सांगितलं. "ओलांडलं मला तिने. सरळ. उजवीकडून." बाकीचे अजूनही मागेच राहतात. त्यांचं काय करायचं ते मला कळत नाही.